आगानेटाची बारी

किर्गिझ डोंगरांखालच्या आपल्या ग्रुनताल गावात जुस्तिना टेव्सच्या पावांची मुंडकी उडायला लागली, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. आपल्या गावचा पाव म्हणजे जोडपाव. खाली थोरला गोळा, त्याच्या डोक्यावर धाकटा, आणि धाकट्याच्या टाळूवर अंगठा असा रोवायचा की दोघे जन्माचे जोडले गेले पाहिजेत. रविवारी चुलीला हात लावायचा नसतो, म्हणून शनिवारी घरोघरी भट्ट्या पेटतात. जुस्तिनाचे जोडपाव एकेकाळी असे असत की एका लग्नात नवऱ्या मुलाने डोकं तोडायला दात लावला, तर दात पावात राहिला आणि पाव नवऱ्यापेक्षा शाबूत निघाला. तो नवरा अजून आहे. बोळक्याने हसतो, त्याला विचारा.

आणि त्याच जुस्तिनाच्या भट्टीतून आता पाव निघायचे ते बिनडोक्याचे. थोरले गोळे एकीकडे, धाकटे दुसरीकडे घरंगळलेले, जणू आत कुणी तलवार फिरवून गेलं.

"पिठात दोष आहे," शेजारची लीझे म्हणायची. "हे नवं पीठ आलं तेव्हापासून असंच."

"मग तुझे बरे धड निघतात?"

"माझ्या पावांना मान असते गं. तुझ्यांना काही मानच राहिला नाही."

जुस्तिना हसून वेळ मारून न्यायची. दोष पिठात नव्हता. तो तिच्या गादीखाली होता.

गादीखाली एक फळी होती. अक्रोडाच्या लाकडाची, हातभर रुंद, दोन्ही टोकांना तासलेली. आपल्या गल्लीतून डोंगरावरच्या बर्फाचं पाणी पाटाने येतं, आणि पाण्याची प्रत्येकाला बारी असते. ज्याची बारी नाही त्याने आपल्या आवारात वळणाऱ्या फाट्यावर फळी उतरवायची, खाचेत घट्ट बसवायची आणि पाणी पुढे जाऊ द्यायचं. जुस्तिनाच्या कुंपणाला लागूनच बर्गनांचा फाटा. घरात माणसं दोन: म्हातारी आगानेटा बर्गन आणि तिचा बिनलग्नाचा मुलगा कोर्नेलियस.

त्या उन्हाळ्यात जुस्तिनाच्या भाचीचं लग्न निघालं आणि गावभरच्या पावांचं काम जुस्तिनाने अंगावर घेतलं. शुक्रवारी उकाडा असा की पीठ पातेल्यातून उठून अंगणात फिरायला निघालं. मांजराला त्याने कोपऱ्यात गाठलं होतं म्हणतात. पराती संपल्या, फळ्या संपल्या, दोन दारं बिजागऱ्यांतून काढून त्यांवर गोळे मांडले, तरी पुरेना. तेव्हा तिचं लक्ष कुंपणापलीकडे गेलं. पाट कोरडा होता. बर्गनांच्या फाट्यावर उन्हाने पांढरी झालेली छान फळी उगीच उभी होती. जुस्तिनाने खाचेत लाटण्याचं टोक घालून ती उचकटली, रेतीने घासली, साबणाने धुतली, वर कापड अंथरलं आणि जोडपाव मांडले. संध्याकाळी परत ठेवू, एवढंच मनात.

संध्याकाळी भाचीच्या आईला रडू कोसळलं. मग नवरीच्या केसांच्या पिना हरवल्या. मग त्या पिना रडणाऱ्या आईच्या तोंडातच सापडल्या. शनिवार उजाडला आणि सगळे नटून लग्नाला गेले.

शनिवारी दुपारी पाणी आलं. वरच्या अंगाला पाणी सोडणारा शारशेन, म्हातारा किर्गिझ, त्याने ठरल्या वेळी सोडलं. बारी दुसऱ्याच कुणाची होती, पण पाण्याला बर्गनांचा फाटा उघडा मिळाला. आगानेटा पाय दुखतात म्हणून लग्नाला गेली नव्हती. मागच्या खोलीत, भिंतीला चिकटून निजली होती, कारण कच्च्या विटांची ती भिंत उन्हाळ्यात गार लागायची. पाणी आवारातून उतरलं आणि भिंतीचं बूड चाटत राहिलं. तिकडे लग्नात गाणी चालली होती तेव्हा कधीतरी भिंत बसली. फार आवाजही झाला नसेल. चिखल पडताना ओरडत नाही.

दिवस मावळता कोर्नेलियस आईसाठी फडक्यात चार जोडपाव बांधून घरी आला. त्याला चिखलाचा ढीग दिसला, आणि ढिगातून बाहेर आलेली दोन पावलं. अनवाणी, घोट्यापर्यंत माखलेली.

"फळी कुठाय?" धावत आलेल्यांनी विचारलं. खाच रिकामी होती.

"वाहून गेली असणार."

"घट्ट बसवली नव्हतीस का रे?"

कोर्नेलियस आपल्या उजव्या टाचेकडे बघत राहिला. फळी उतरवली की तो तिला टाचेने एक ठोसा मारायचा, वर्षानुवर्षं. पण रोजची कामं हातपाय करतात, डोक्याला विचारत नाहीत.

"बसवली असेल," तो म्हणाला. मग थांबून म्हणाला, "नसेलही."

जुस्तिनाने घरी येऊन कापड उचललं, तेव्हा फळीवर पावाचा चुरा होता.

तेव्हाच जाऊन सांगायचं, असं कुणीही म्हणेल. ती निघालीही होती. पण बर्गनांच्या दारात माणसं होती. दुसऱ्या दिवशी माती होती. आणि पुढच्या उपासनेत कोर्नेलियस स्वतःच मंडळीसमोर उभा राहून म्हणाला, "माझ्या निष्काळजीपणाने माझी आई गेली." आता आपण बोललो तर हा देवाच्या घरात खोटा ठरेल, अशी जुस्तिनाने स्वतःची समजूत घातली. समजूत घालण्यात तिचा हातखंडा होता. आठवडा गेला, महिना गेला, आणि न बोललेली गोष्ट त्या शुक्रवारच्या पिठासारखी फुगत गेली. झाकायला कापड पुरेना.

कोर्नेलियस तेव्हापासून प्रार्थनाघरात दाराजवळच्या बाकावर बसू लागला. तिथे पाहुणे बसतात, नाहीतर बाप्तिस्मा न झालेले. प्रभुभोजनाची भाकर त्याच्यापर्यंत आली की तो मान हलवून पुढे जाऊ द्यायचा. पाळक इझाक रेम्पेल त्याला समजावून थकले.

"अरे भाऊ, देवाने कधीच माफ केलंय तुला."

"देवाने केलं असेल, इझाकभाऊ. टाचेने नाही केलं."

जुस्तिनाने फळीचा निकाल लावायचा प्रयत्न केला नाही असं नाही. तिने ती भट्टीत घातली. फळी फुसफुसली, तिच्या अंगातून पाणी सुटलं आणि भट्टी विझली. त्या शनिवारी टेव्सांनी लापशी खाल्ली. मग तिने ती पहाटे पाटात सोडून दिली. पाणी उताराला जातं हे गावातल्या कोंबड्यांनाही माहीत आहे. दुपारी दार उघडलं तर फळी चढाने परत येऊन फाटकाला टेकून उभी. मग तिने ती गादीखाली सारली. पाठीला बरं असतं, असं लीझेला सांगितलं. गादी कधी वाळली नाही. भर उन्हाळ्यात तिच्या चादरीला ओल्या मातीचा वास यायचा, आणि पावांची मुंडकी उडायची.

एवढ्यावर भागलं असतं तर जुस्तिनाने ते निभावून नेलं असतं. पण प्रभुभोजनाचा रविवार आला की आगानेटा यायची.

प्रभुभोजनानंतर आपल्याकडे पाय धुतात, येशूने शिष्यांचे धुतले तसे. बाप्ये बाप्यांचे, बाया बायांचे. मी तुझे धुतले की तू माझे धुवायचेस. जुस्तिना आणि आगानेटा तरुणपणापासून जोडीदारणी. आगानेटा जिवंत होती तेव्हा तोंडाची फटकळ. "जरा जोर लावून चोळ, पाय आहेत ते, अंडी नाहीत," असं भर प्रार्थनेत म्हणायची. मेल्यावर ती बोलत नव्हती. शेगडीजवळच्या तिच्या जागेवर येऊन बसायची, रुमालाची गाठ हनुवटीखाली, मोजे काढून शेजारी घडी केलेले, आणि चिखलाने माखलेली पावलं पुढे करायची. वाट बघायची. फार वेळ झाला की अंगठे हलवायची.

बाकी कुणाला ती दिसत नव्हती. पण त्या जागेवर कुणी बसतही नव्हतं. तिथे गारठा येतो म्हणायचे, आणि जागा शेगडीला खेटून.

जुस्तिना "गुडघे गेले" म्हणून उठायची आणि बाहेर लाकडं आणायला जायची. भर उन्हाळ्यातही लाकडं आणायला जायची. आणि त्याआधी तोंडात घातलेली प्रभुभोजनाची भाकर चावताना दर वेळी दाताखाली रेती यायची.

शनिवारी मात्र ती कुंपणावरून कोर्नेलियसला पावांची टोपली द्यायची. एक शनिवार चुकवला नाही.

"तांते जुस्तिना," तो म्हणायचा, कारण मोठ्या बाईला आपण तांतेच म्हणतो, "आजही कत्तल?"

"भट्टी म्हातारी झालीय रे."

"भट्टी की भट्टीवाली?"

"खायचं असेल तर खा, नाहीतर टोपली दे परत."

तो टोपली परत द्यायचा नाही. दारात बसून आधी थोरले गोळे खायचा, मग धाकटे, एकेक उचलून बघत. खाताना त्याचा चेहरा असा शांत व्हायचा की जुस्तिनाला ते बघवायचं नाही. ती आत निघून जायची.

मग गाव रिकामं व्हायला लागलं. सरकार बदललं, कागद मिळू लागले, आणि दर महिन्याला कुणीतरी कुलूप लावून वाडवडिलांच्या जर्मनीला जायचं. कोर्नेलियसची बहीण आधीच तिकडे गेली होती. वसंतात त्याचेही कागद आले. मंगळवारी बस होती.

शनिवारी तो स्वतःच कुंपणापाशी आला.

"तांते, वाटेसाठी पाव कडक भाजून द्याल का? आई तसे द्यायची. महिनाभर टिकतात."

"देईन की. मुंडकी वेगळी बांधू?"

"बांधा. त्यांचाही पासपोर्ट काढलाय."

दोघे हसले. पाटाला पाणी आलं होतं. वाहून गेलेल्या फळीच्या जागी शारशेनने तेव्हा एक पत्रा बसवून दिला होता, आणि पाणी लागलं की तो पत्रा गुणगुणायचा. आगानेटा उपासनेत गायची तसा, अर्धा सूर खाली. शारशेन फावडं खांद्यावर टाकून पाटाकाठी उभा होता.

"तुमची म्हातारी आज खुशीत आहे," तो म्हणाला.

"आजोबा, उगीच काही बोलू नका," जुस्तिना म्हणाली.

"मी कुठे बोलतोय, एजे? ती गातेय." किर्गिझ लोक मानाने बाईला एजे म्हणतात, ताई म्हणावं तसं. त्याने कोर्नेलियसकडे बघितलं. "हा गेला की कुणासाठी गाईल?"

शारशेन पुढे गेला. जुस्तिनाने विषय बदलायचा म्हणून विचारलं, "तिकडे प्रार्थनाघर जवळ आहे का रे?"

"बहीण म्हणते, समोरच आहे. मोठं आहे. दाराजवळ बाकही असेल."

"तिकडे तरी पुढे बस. तुला तिथे ओळखतं कोण?"

"टाच बरोबर येतेय ना, तांते," कोर्नेलियस म्हणाला. तक्रार नव्हती त्यात. पावसापाण्याबद्दल बोलावं तसं बोलला. "प्रभुभोजन मी घेणार नाही. इथेही नाही, तिथेही नाही. त्याची सवय होते माणसाला."

पत्रा गुणगुणत राहिला. जुस्तिनाच्या हातातली टोपली एकदम जड झाली, दगडाची असावी तशी. मंगळवारी हा बसमध्ये बसेल, आणि आपली चूक त्याच्या टाचेत रुतलेली तशीच परदेशी जाईल. तिथे म्हातारा होईल. कुणाला न सांगता मरेल. आणि आपण इथे लाकडं आणत राहू.

त्या रात्री ती गादीवर निजली नाही. खुर्चीत बसून राहिली.

रविवारी सकाळी तिने गादी उलटली, फळी ओढून काढली, त्याच लग्नातल्या कापडात गुंडाळली आणि काखेत मारून प्रार्थनाघरात गेली.

"हे काय, पाठीची फळी घेऊन आलीस?" लीझेने विचारलं. "बाक कमी कडक आहेत का?"

जुस्तिना फळी मांडीवर घेऊन बसली. फळीतून पाणी झिरपत होतं. बाकाखाली ओघळ गेला. शेगडीजवळ आगानेटा आज आधीच येऊन बसली होती. मोजे अजून पायातच होते.

इझाकभाऊंनी भाकर आणि प्याला मांडला, आणि दर वेळेसारखं विचारलं, "कुणाच्या मनात कुणाविषयी काही अडलंय का?" दर वेळेसारखे ते गप्प राहून पाहुण्यांच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत थांबले. इतकी वर्षं त्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नव्हतं. बायांनी तर उपासनेत गावं, रडावं, पण उभं राहून बोलू नये अशी पद्धत.

जुस्तिना उभी राहिली आणि तिने कापड सोडलं.

"बर्गनांच्या फाट्यावरची फळी मी नेली होती," ती म्हणाली. "लग्नाच्या आदल्या दिवशी. पाव ठेवायला."

मागे कुणालातरी हसू फुटलं, आणि फुटल्या फुटल्या दाबलं गेलं.

"पाव ठेवायला?" इझाकभाऊंनी विचारलं. त्यांना काहीतरी मोठं अपेक्षित होतं. चेहऱ्यावर दिसत होतं.

"जागा पुरत नव्हती. संध्याकाळी परत ठेवणार होते. विसरले." मग तिने जे सांगायचं ते सांगून टाकलं. "विसरले ते एका दिवसाचं. बोलले नाही ते इतक्या वर्षांचं. ते विसरले नव्हते."

कोर्नेलियस दाराजवळच्या बाकावरून उठला. बाप्यांच्या आणि बायांच्या बाकांमधल्या वाटेने चालत आला. फळीवर हात ठेवला. बापाने तासलेली टोकं चाचपली. फळीच्या वरच्या कडेला एक खळगा होता, टाचेच्या आकाराचा, वर्षानुवर्षांच्या ठोशांनी पडलेला. त्यात त्याने अंगठा घातला.

"शुक्रवारी ही घट्ट होती?" त्याने विचारलं.

"होती."

"हाताने निघाली?"

"नाही. लाटण्याने उचकटावी लागली. लाटण्याचं टोक तुटलं तेव्हा. अजून तसंच आहे."

"लाटणं तुटलं," कोर्नेलियस म्हणाला. त्याने हे दोनदा म्हटलं. 

मग त्याने फळी उचलली आणि बाहेर निघून गेला.

 इझाकभाऊंनी एक गीत सुरू केलं, दोन ओळी एकटेच गायले आणि थांबले. जुस्तिना उभीच होती. तिला बसता येईना. बसायला कुणी सांगितलं नव्हतं. बाहेर पत्रा ओरबाडून काढल्याचा आवाज आला. मग ठोसा. एकच, लाकडावर टाचेचा. गावातली कुत्रीसुद्धा गप्प झाली.

कोर्नेलियस परत आला तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजला होता. दाराशी थांबला.

"बसली," तो म्हणाला.

मग जुस्तिनाकडे बघून म्हणाला, "ते शनिवारचे पाव. ते तुम्ही भीतीने देत होतात."

"हो."

"मला वाटायचं, माझ्यासारख्यालाही दर शनिवारी कुणी पाव देतं, म्हणजे देवाला अजून आपला पत्ता माहीत आहे." त्याचा चेहरा रागाने लाल झाला होता, आणि तो राग पुष्कळ होता. कुणीही तो लपवला गेला असं समजू नये. "त्या पावांवर तगलो मी, तांते. बिनडोक्याच्या पावांवर. आणि ते असे निघाले."

जुस्तिनाने ओल्या कापडाची घडी घातली. 

कोर्नेलियस पुढच्या बाकावर जाऊन बसला. आई जायच्या आधी जिथे बसायचा तिथे, कोपऱ्यात. इझाकभाऊंनी तेवढी संधी साधून घाईघाईने प्रार्थना केली आणि भाकर फिरवायला घेतली. आधी बाप्यांकडे. कोर्नेलियससमोर भाकर आली. त्याने हात पुढे केला आणि तुकडा घेतला. मग बायांकडे. लीझे झाली, जुस्तिना आली, आणि इझाकभाऊ थबकले. त्यांचीही पंचाईत होती. असं काही उघडं पडलं की आपल्या मंडळीत माणसाला काही महिने भाकर देत नाहीत. आधी विचारपूस, मग बैठक, मग प्रार्थना. भाकरीची थाळी त्यांनी छातीशी धरली.

"बहीण जुस्तिना," ते हळूच म्हणाले, "आपण यावर नंतर..."

"तिला द्या," पुढच्या बाकावरून आवाज आला. कोर्नेलियसने मागे वळूनही बघितलं नव्हतं. तोंडात घास होता, शब्द नीट फुटत नव्हते. "इतकी वर्षं तिने मला पाव दिलाय."

इझाकभाऊंनी थाळी पुढे केली.

जुस्तिनाने तुकडा तोंडात घातला. दाताखाली रेती आलीच. नेहमीसारखीच कचकच. पण या वेळी तिने ती अर्धी थुंकून टाकायला रुमाल काढला नाही. नीट चावली आणि गिळली.

पाय धुवायची वेळ झाली तेव्हा ती लाकडं आणायला उठली नाही. तिने घंगाळ उचललं, शेगडीजवळ गेली आणि गारठ्याच्या त्या जागेसमोर गुडघे टेकले. आगानेटाने मोजे काढले, घडी करून शेजारी ठेवले आणि पावलं पुढे केली. पावलं थंड होती, पाटाच्या तळाच्या दगडांसारखी. जुस्तिनाने जोर लावून चोळलं. अंडी नव्हती ती. चिखल टाचांच्या भेगांत बसला होता, निघता निघत नव्हता.

बायांना एवढंच दिसलं की जुस्तिना टेव्स रिकाम्या जागेसमोर हवा धुतेय. त्या एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या. मग लीझेने वाकून घंगाळात बघितलं, आणि लीझे जी गप्प झाली ती घरी जाईपर्यंत बोलली नाही. गावाला हीच गोष्ट सगळ्यांत अद्भुत वाटते. घंगाळातलं पाणी गढूळ होतं, पुरानंतरच्या पाटासारखं.

मग आगानेटाने जुस्तिनाच्या खांद्यावर टकटक केलं आणि घंगाळाकडे बोट केलं. तिचे धुऊन झाले होते. आता बारी तिची होती. जुस्तिनाने बाकावर बसायचं आणि पाय पुढे करायचे.

जुस्तिना उठली, घंगाळ उचललं आणि बाहेर पळाली. धुणं वेगळं. धुऊन घेणं तिला झेपणार नव्हतं.

मंगळवारी बस आली. जुस्तिनाने पिशवी नेली. सोमवारी भट्टी पेटवताना तिला आशा होती. आता फळी जागेवर गेली, आता डोकी धड राहतील. राहिली नाहीत. एकूण एक घरंगळली. तिने धाकटे गोळे वेगळ्या फडक्यात बांधले.

कोर्नेलियसने पिशवीत डोकावून बघितलं.

"अजूनही?"

"अजूनही."

"मला वाटलं होतं सुधारतील."

"मलाही वाटलं होतं."

त्याने एक धाकटा गोळा काढून तोंडात टाकला. कडक होता, बराच वेळ चावला. "मी चिडलोय अजून," तो म्हणाला. "मधेमधे चिडेन. तिकडूनही चिडेन."

"खुशाल चीड."

"पिशवी मात्र नेतोय." तो पायरीवर चढला आणि पुन्हा खाली उतरला. "तांते, आई येते ना शेगडीपाशी?"

जुस्तिनाच्या तोंडचं पाणी पळालं. "तुला दिसते?"

"मला नाही दिसत. तुम्ही लाकडं आणायला जायचात ते दिसायचं. उन्हाळ्यात." त्याने पिशवी खांद्याला लावली. "तिला एवढंच सांगा, टाच बरोबर होती."

बस गेली. धूळ बसायला संध्याकाळ झाली. पाटाला पाणी आलं, पण फाट्यावर आता लाकूड होतं; काही गुणगुणलं नाही. जुस्तिनाला त्या शांततेचीच भीती वाटली.

पुढच्या महिन्यात प्रभुभोजनाला मंडळी निम्मीच उरली होती. बाप्यांकडे सहा डोकी, बायांकडे त्याहून थोडी जास्त. पाय धुवायची वेळ आली. आगानेटा तिच्या जागी होती, मोजे घातलेले, पावलं स्वच्छ. शेजारी घंगाळ. बाह्या दुमडलेल्या.

जुस्तिना दाराकडे बघत थोडा वेळ बसली. लाकडं आत भरपूर होती; लीझेने मुद्दाम आणून रचली होती. मग तिने खाली वाकून बुटाचे बंद सोडले. मोजे काढले, घडी केले. म्हातारे, निळ्या शिरांचे, वाकड्या बोटांचे पाय तिने त्या गारठ्याकडे पुढे केले आणि डोळे मिटले.

"जुस्तिने, अशी एकटीच काय बसलीस?" लीझे घंगाळ घेऊन आली. "आण इकडे पाय, मी धुते."

"थांब लीझे," जुस्तिना म्हणाली. दात वाजत होते तिचे. "माझी बारी चालू आहे."

लीझे थांबली. शेगडी भडकलेली होती, तरी तिच्या तोंडाची वाफ दिसत होती. आणि तिने बघितलं, शपथेवर सांगते ती, जुस्तिनाच्या घोट्यावरून एक ओघळ हळूच खाली आला, मग टाचेला वळसा घालून दुसरा, आणि वाकडा अंगठा कुणीतरी चिमटीत धरून जोर लावून चोळावा तसा लालबुंद झाला.